माळ आणि पडीक : दख्खनच्या कोरड्या भूमीतील जीवसृष्टीचे अनुकूलन

‘अनुकूलन’ ही संज्ञा जीवशास्त्रात ज्या अर्थाने योजिली जाते तो अर्थ नीट ध्यानात घेतल्यावाचून कोरड्या प्रदेशातील जीवसृष्टीचा विचार करता येत नाही. एखादे झाड किंवा एखादा प्राणी परिस्थितीशी ‘जुळवून घेतो’ असे बोलताना सहज म्हटले जाते. त्यात त्या झाडाचा किंवा प्राण्याचा काही हेतू असावा असे गृहीत धरलेले असते. शास्त्रीय अर्थात असा हेतू नसतो. एकाच जातीतील व्यक्तींमध्ये लहानमोठे भेद असतात. त्यांपैकी ज्या भेदांमुळे विशिष्ट परिस्थितीत जगणे व संतती वाढविणे सुकर होते ते पिढ्यानपिढ्या टिकतात व पसरतात. ही क्रिया इतकी मंद असते की तिला हजारो पिढ्यांचा अवकाश लागतो. म्हणूनच एखाद्या भूमीवरील जीवांची शरीररचना पाहून त्या भूमीचे हवामान फार दीर्घकाळ कसे होते याचे अनुमान करता येते.

या दृष्टीने महाराष्ट्रातील माळ पाहण्यासारखा आहे. सरकारी कागदांत त्याची नोंद बहुधा ‘पडीक’ अशी होते, आणि सर्वसाधारण समजूतही अशी की, येथे पूर्वी अरण्य असावे, ते तुटले आणि उरला तो हा उघडा माळ. ही समजूत खरी मानली तर माळावर झाडे लावणे हे पुण्यकर्म ठरते. ती चुकीची असेल तर तेच कृत्य विध्वंसाचे ठरते. हा प्रश्न केवळ तर्काने सुटणारा नाही. माळावरचे जीव त्याचे जे उत्तर देतात ते प्रथम पाहिले पाहिजे.

१. प्रदेश

सह्याद्रीच्या माथ्यावर महाबळेश्वर येथे वर्षाकाठी सरासरी ५,५०० ते ६,००० मिलिमीटरांच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सरळ रेषेत १०० किलोमीटरही न जाता माण-फलटणच्या टापूत हा आकडा सुमारे ५०० मिलिमीटरांवर येतो. नैऋत्येकडून येणारे बाष्पयुक्त वारे घाट चढताना थंड होतात व आपले पाणी तेथेच टाकतात. पलीकडे उतरताना तेच वारे पुन्हा तापतात व त्यांची आर्द्रता घटते. हा पर्जन्यछायेचा प्रदेश होय. पुणे, सातारा, सांगली या जिल्ह्यांचे पूर्वभाग, अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर), सोलापूर, धाराशिव व बीड या जिल्ह्यांचा मोठा भाग त्यात मोडतो.

पाऊस कमी एवढेच येथील वैशिष्ट्य नाही. जून ते ऑक्टोबर हे महिने सोडले तर सात-आठ महिने कोरडे जातात, आणि ऊन व वारा मिळून वर्षभरात जितके पाणी हवेत उडवून नेऊ शकतात ते प्रमाण पडणाऱ्या पावसाच्या दुपटीहूनही अधिक असते. त्यातच जमिनीचा भाग येतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थिजलेल्या लाव्हाचा काळा खडक येथे सर्वत्र आहे. नदीकाठच्या खोलगट भागात त्याची खोल काळी माती झाली. ती पाणी धरून ठेवते व शाळू पिकविते. उंचवट्यावर मात्र वीत-दीड वीत मुरमाड थर, आणि त्याखाली खडक. तेथे पडलेले पाणी वाहून जाते किंवा लौकर सुकते. माळ तो हाच.

अशा भूमीवर वनस्पतीपुढे एक पेच उभा राहतो. अन्न तयार करण्यासाठी पानांना हवेतील कार्बन डायऑक्साइड वायू घ्यावा लागतो व त्यासाठी पर्णरंध्रे उघडावी लागतात. पण ती उघडताच त्याच वाटेने आतील पाण्याची वाफ बाहेर पडते. वायू हवा तर पाणी दिले पाहिजे. कोरड्या प्रदेशातील वनस्पतींच्या बहुतेक विशेषांचे मूळ या एका व्यवहारात सापडते.

२. गवत : वेळ साधणे

माळाचा खरा धनी म्हणजे गवत. कुसळी, मारवेल, डोंगरी ही नावे गुराख्यांच्या तोंडी नित्याची आहेत. यांतील बहुवर्षायू गवतांचे दिसणारे शरीर दिवाळीनंतर वाळून जाते व माळ ‘मेला’ असे वाटते. वस्तुतः गवताचे वाढीचे कोंब जमिनीलगत, बुडख्यापाशी असतात. जनावराने वरची पाती खाल्ली, वणव्याने जाळली किंवा उन्हाने करपली तरी ते शाबूत राहतात. झाडाच्या फांदीचे वाढीचे टोक शेंड्याशी असल्यामुळे ते तोडले की वाढ अडते. गवताची पात मात्र बुडापासून वाढत असल्यामुळे तिला अशी हानी पोहोचत नाही. चरणाऱ्या प्राण्यांच्या व वणव्याच्या सहवासात गवताचा जो वरचष्मा राहतो त्याचे कारण हेच.

दुसरा विशेष डोळ्यांस दिसणारा नाही. बहुतेक वनस्पतींत वायू पकडण्याचे काम जे विकर करते ते उष्ण हवेत फसते व कार्बन डायऑक्साइडऐवजी प्राणवायूच पकडू लागते. त्यामुळे केलेली कमाई बरीचशी वाया जाते. उष्ण प्रदेशातील अनेक गवतांत वायू आधी दुसऱ्याच विकराकडून पकडला जातो, त्यापासून चार कार्बन-अणूंचे आम्ल होते व ते शिरांभोवतीच्या पेशींत नेऊन तेथे वायू पुन्हा मोकळा केला जातो. तेथे त्याचे प्रमाण दाट झाल्याने फसगत टळते. हॅच व स्लॅक या शास्त्रज्ञांनी १९६६ साली ऑस्ट्रेलियात उसावरील प्रयोगांतून ही क्रिया उलगडून दाखविली. तिचा लाभ असा की, पर्णरंध्रे थोडीच उघडूनही पुरेसा वायू मिळतो व तेवढ्याच पाण्यात अधिक वाढ साधते. कुसळी-मारवेल ही माळाची गवते आणि ज्वारी-बाजरी ही त्या प्रदेशाची पिके एकाच पंथाची आहेत.

कुसळीचे बी हा तर स्वतंत्र अभ्यासाचा विषय होईल. धोतराला व मेंढराच्या लोकरीला चिकटणारे कुसळ सर्वांच्या परिचयाचे असते; त्याची रचना मात्र क्वचितच पाहिली जाते. बियाच्या टोकाशी तीक्ष्ण अणी व मागे लांब, पीळ पडलेले शेपूट असते. हवा दमट झाली की पीळ सुटतो, कोरडी झाली की पुन्हा पडतो. रात्रीच्या दवाने व दिवसाच्या उन्हाने हे शेपूट फिरत राहते व बी स्क्रूप्रमाणे मातीत शिरते. उन्हाळ्यातील ऊन, पाखरे व वणवा यांपासून ते असे वाचते आणि पहिल्या पावसाची वाट पाहत मातीत पडून राहते.

३. साठविणे आणि सोसणे

गवत वेळ साधते, तर काही वनस्पती पाणी साठवितात. पर्णरंध्रांच्या पेचातून त्यांनी काढलेली वाट अशी की, रंध्रे रात्री उघडावयाची. रात्री हवा थंड असल्याने वाफ कमी जाते. तेव्हा घेतलेला वायू आम्लाच्या रूपाने साठवून ठेवला जातो व दिवसा, रंध्रे मिटलेली असताना, सूर्यप्रकाशात त्याचे अन्न होते. या क्रियेच्या शोधाच्या आरंभीच्या नोंदींपैकी एक भारतातील आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या सेवेतील वनस्पतिशास्त्रज्ञ बेंजामिन हाइन यांनी पानफुटीचे पान चाखून पाहिले. ते पहाटे आंबट, दुपारी बेचव व संध्याकाळी कडसर लागते असे त्यांनी १८१५ साली प्रसिद्ध झालेल्या पत्रात नमूद केले. रात्रभर साठलेले आम्ल दिवसा खर्ची पडते हा त्याचा अर्थ पुष्कळ नंतर उमगला.

माळावरील निवडुंग व माकडशिंगी याच मार्गाने जगतात. निवडुंगाचे उदाहरण भाषेच्या अभ्यासकालाही उपयोगी आहे. मराठीत ‘त्रिधारी निवडुंग’ व ‘फड्या निवडुंग’ अशी दोन नावे रूढ आहेत. पहिला या देशातला, एरंडाच्या कुलातला. तो मोडला की पांढरा चीक येतो. दुसरा मूळचा अमेरिकेतला, कॅक्टस कुलातला. युरोपीयांचा अमेरिकेशी संबंध आल्यानंतरच तो इकडे आला, व त्याला असा दुधासारखा चीक नाही. पहिल्याचे काटे पानाच्या तळाशी असणाऱ्या उपपर्णांचे, तर दुसऱ्याचे पानांचेच रूपांतर होय. त्यांच्या फुलांत काही साम्य नाही. तरीही पाहुणा आला तेव्हा मराठी माणसाने त्याला निवडुंगच म्हटले, कारण जाड, हिरवे, पाणी धरणारे खोड, पानांचा अभाव व काटे ही सर्व लक्षणे दोहोंत सारखीच दिसली. कुळे निराळी असून सारख्या संकटाने सारखी रूपे घडविणे यास अभिसारी उत्क्रांती म्हणतात. वनस्पतिशास्त्रज्ञ फुलांवरून वंश ठरवितो. बोलणाऱ्याने जगण्याच्या रीतीवरून नाव दिले. त्या नावात वंशाची माहिती नाही, पण अनुकूलनाचे अचूक निरीक्षण आहे.

तिसरा मार्ग सोसण्याचा. नेपतीला पाने जवळजवळ नसतातच. तिच्या हिरव्या काड्याच पानांचे काम करतात. बाभूळ व हिवर यांची पाने बारीक पर्णिकांत विभागलेली असल्याने लौकर निवतात, आणि काट्यांमुळे कष्टाने मिळविलेला पाला जनावरांपासून काहीसा वाचतो. बोर उन्हाळ्यात पाने टाकून देते. खर्पुडीसारख्या वेली वर्षातील बहुतेक काळ जमिनीखाली कंदाच्या रूपाने राहतात व पावसात तेवढ्या वर येतात. या सर्वांत एक गोष्ट समान आहे : सावली देणारे दाट छत यांपैकी कोणीही करीत नाही. विरळ झाडे व मधल्या जागेत गवत हीच या समाजाची घडण आहे, आणि दाट सावलीत कुसळी किंवा मारवेल वाढू शकत नाही.

४. प्राणी

प्राण्यांना चालता येते, म्हणून त्यांचे अनुकूलन शरीराइतकेच वर्तनातही दिसते. काळवीट पाण्यावर येतो. चिंकारा मात्र पाला, फळे व दव यांतील ओलाव्यावर दीर्घकाळ पाण्यावाचून राहू शकतो. काळविटाला मोकळे गवत आवडते, तर चिंकाऱ्याला झुडपांचा आधार लागतो. त्यामुळे एकाच टापूत दोघांचा निर्वाह होतो. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी (१९८०) व बारामती तालुक्यातील सुप्याजवळचे मयूरेश्वर (१९९७) ही लहानशी अभयारण्ये अनुक्रमे या दोन प्राण्यांसाठी राखलेली आहेत. माळावरचा लांडगा उत्तरेकडील थंड देशांतल्या लांडग्यांहून अंगाने लहान व विरळ केसांचा असतो. लहान शरीरातील उष्णता लौकर बाहेर जाते हे त्याचे कारण होय.

पक्षी व सरपटणारे प्राणी शरीरातील टाकाऊ नत्र मूत्राऐवजी जवळजवळ घट्ट अशा यूरिक आम्लाच्या रूपाने टाकतात, व त्यामुळे पुष्कळ पाणी वाचते. सरडा सकाळी उन्हात अंग तापवितो व दुपारी झुडपाच्या सावलीत जातो. शरीराचे तापमान तो जागा बदलून राखतो. गळ्याखाली पंख्याप्रमाणे उघडणारा रंगीत पडदा असलेले सरडे दख्खनच्या उघड्या भूमीवर आढळतात. त्यांतील काही जातींसाठी २०१६ साली शास्त्रज्ञांनी जी नवी प्रजाती स्थापिली तिला ‘सरडा’ हाच मराठी शब्द नाव म्हणून दिला.

बेडकाचे कातडे ओले राहिले पाहिजे, म्हणून कोरड्या माळावर त्याचे काय काम असे वाटेल. परंतु येथील उकरणाऱ्या बेडकाच्या मागील पायांवर फावड्यासारखा कठीण उंचवटा असतो. त्याने माती मागे लोटीत तो खाली जातो व उन्हाळा जमिनीत निश्चल राहून काढतो. वळवाच्या सरीनंतर एका रात्रीत डबक्यांतून बेडकांचा गलबला सुरू होतो, तेव्हा ते आकाशातून पडले असा समज होणे स्वाभाविक आहे. ते पायांखालीच होते.

पखुर्डी या पक्ष्याचा विशेष याहून विलक्षण आहे. तिची पिले जमिनीवर, पाण्यापासून दूर वाढतात. नर पाणवठ्यावर जाऊन पोटाची पिसे भिजवितो व उडत येऊन ती पिलांपुढे धरतो. पिले त्यांतून पाणी शोषून घेतात. १८९६ साली एका इंग्रज पक्षिपालकाने पाळीव पक्ष्यांत हे पाहिले तेव्हा पुष्कळांनी त्यावर विश्वास ठेवला नाही. १९६७ साली आफ्रिकेतील कालाहारी प्रदेशातील अभ्यासाने त्याची निश्चिती झाली. या पिसांचे सूक्ष्म तंतू कोरडे असता पिळलेले असतात व भिजले की पीळ सुटून ताठ उभे राहतात. त्यांच्या जाळीत पाणी अडकते. कुसळीच्या शेपटातही ओलाव्याने पीळ सुटण्याचीच क्रिया घडते.

माणूसही या व्यवस्थेबाहेर नाही. धनगरांचे वाडे पावसाळ्यात माळावर राहतात व पिके निघाल्यानंतर कोकणाकडे किंवा पाण्याच्या प्रदेशाकडे उतरतात. पावसाळी कोकणात मेंढरांचे पाय चिखलाने बिघडतात. उन्हाळी माळावर चारा नसतो. वाटेत शेतकरी आपल्या शेतात मेंढरे बसवून घेतात व त्यांच्या लेंड्यांचे खत होते. दख्खनी मेंढीची राठ लोकर, घोंगडी व हे वार्षिक येणे-जाणे या सर्वांचा मेळ पावसाच्या वेळापत्रकाशी बसलेला आहे.

५. शब्द आणि भूमी

या विवेचनावरून माळाच्या वयाबद्दल एक निष्कर्ष निघतो. पडदे मिरविणारे सरडे, उघड्यावर जमिनीवर अंडी घालणारे पक्षी, सावली न सोसणारी गवते यांचे शरीरविशेष अरण्य तुटल्यानंतरच्या शे-दोनशे वर्षांत निर्माण होणे शक्य नाही. उघडी, गवताळ, विरळ झाडांची भूमी या भागात फार पूर्वीपासून असली पाहिजे. काही माळ तोडीने व चराईने वाढले असतील, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु माळ ही वस्तूच तोडीने निर्माण झाली असे म्हणता येत नाही.

या निष्कर्षाला मराठी साहित्यातूनही पुष्टी मिळते. नेर्लेकर व पाटील या अभ्यासकांनी २०२५ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात पश्चिम महाराष्ट्रातील पारंपरिक वाङ्मयातील वनस्पतींचे उल्लेख एकत्र करून तपासले. तेराव्या शतकापासूनच्या त्या वाङ्मयात हिवरासारख्या उघड्या भूमीतील झाडांचे उल्लेख पुष्कळ असून, निदान ७५० वर्षे तरी हा प्रदेश विरळ झाडांचा व गवताचा होता असे त्यावरून दिसून येते. जुने ग्रंथ भाषेच्या इतिहासासाठी वाचले जातात. ते भूमीच्या इतिहासाची साधनेही ठरतात, हे यातून स्पष्ट होते.

आता ‘पडीक’ या शब्दाकडे वळता येईल. तो ‘पडणे’ या धातूपासून आला आहे. जी जमीन नांगराखाली असावयास हवी होती पण पडून राहिली ती पडीक. शेताच्या बाबतीत हा शब्द यथार्थ आहे. माळाला तो लावला की, नांगर न लागणे हीच त्याची ओळख होऊन बसते. ‘गायरान’ व ‘कुरण’ हे शब्द निदान भूमीचा उपयोग सांगतात. ‘बरड’ व ‘मुरमाड’ मातीची जात सांगतात. ‘माळ’ तिचे रूप सांगतो. ‘पडीक’ केवळ उणीव सांगतो. हे शब्द वसुलीच्या दफ्तरातून नियोजनात आले. १९८५ साली राष्ट्रीय पडीक भूमी विकास मंडळ स्थापन झाले, आणि त्यानंतर उपग्रहचित्रांवरून तयार झालेल्या पडीक भूमीच्या नकाशासंग्रहांतही विरळ झुडपांची जमीन याच सदरात मोडली गेली. जी भूमी पडीक तिचा ‘विकास’ करणे ओघानेच येते : तिच्यावर गिरीपुष्प, सुबाभूळ यांसारखी परदेशी झाडे लावावयाची, कारखाने उभारावयाचे किंवा ती खणून शेत करावयाचे.

याचा परिणाम माळढोकाच्या उदाहरणात पाहावयास मिळतो. हा पक्षी उघड्या भूमीसाठीच घडलेला आहे. मादी बहुधा एकच अंडे उघड्या जमिनीवर घालते. मातीत मिसळणारा त्याचा रंग व दूरवर दिसणारे मोकळे रान हेच त्याचे रक्षण. त्याचे डोळे डोक्याच्या बाजूंना असल्याने चहूकडून येणारा शत्रू लौकर दिसतो. परंतु याच रचनेमुळे समोरचे क्षेत्र अरुंद राहते. खाली पाहत उडताना पुढचे दिसत नाही, असे त्याच प्रजातीतील आफ्रिकी पक्ष्यावरील २०१० सालच्या अभ्यासात आढळून आले. आकाशात तारा नव्हत्या तोवर यात धोका नव्हता. आता विजेच्या तारांवर आदळणे हे त्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण झाले आहे, कारण जड शरीरामुळे त्याला ऐन वेळी वळताही येत नाही. सोलापूर-अहिल्यानगर भागात १९७९ साली माळढोकासाठी ८,४९६ चौरस किलोमीटरांचे अभयारण्य घोषित झाले; पुढे त्याचे क्षेत्र सुमारे १,२०० चौरस किलोमीटरांवर आणण्यात आले. सोलापूरजवळच्या नान्नजला एके काळी थव्याने दिसणारा हा पक्षी महाराष्ट्रात आता क्वचितच एखाददुसरा आढळतो, आणि भारतात एकंदर दीडशेच्या आसपासच उरले असावेत. तेही मुख्यतः राजस्थानात.

अनुकूलनाच्या मर्यादा यातून कळून येतात. हजारो पिढ्यांत घडलेला गुण दोन-तीन पिढ्यांत बदलत नाही. दुष्काळ, वणवा व चराई ही माळाच्या जीवांच्या परिचयाची संकटे होत. नांगर, तारा व दाट लागवड ही तशी नव्हेत. म्हणून माळाचे रक्षण म्हणजे त्याला हिरवे करणे, ही कल्पना सोडून दिली पाहिजे. त्याचे सात महिने पिवळे असणे हीच त्याची निरोगी अवस्था होय.

भाषेच्या अभ्यासकाला या कामी करण्यासारखे पुष्कळ आहे. गवतांची, मातीच्या प्रकारांची, पाण्याच्या जागांची व मेंढरांच्या चाऱ्याची जी नावे धनगर, गुराखी व जिराईत शेतकरी वापरतात, ती तालुकावार, वनस्पतीच्या नमुन्यासह नोंदविली गेली पाहिजेत. निवडुंगाच्या उदाहरणाप्रमाणे त्या नावांत पिढ्यानपिढ्यांचे निरीक्षण साठलेले असते, आणि ती वापरणारी पिढी वृद्ध होत चालली आहे. असा कोश तयार झाला तर जमिनीच्या नोंदीत ‘पडीक’ लिहिण्यापूर्वी त्या जागेवर काय उगवते व कोण चरते, हे पाहण्याचे साधन तरी नोंद करणाऱ्याच्या हाती राहील.